चुलीचा डावा खुंट

मागच्या वैशाखात काकीचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी न करता म्हणाली, "चुलीचा डावा खुंट गेलाय. पातेलं कलतंय. दोन दिवस सवड काढून ये. माझ्या गुडघ्यांना आता बसून माती वळवत न्हाई."

घरात गॅस आहे. चहा, पोहे, पाहुण्यांचा घाईचा स्वयंपाक सगळा गॅसवर होतो. पण अंघोळीचं पाणी, हुलग्याचं माडगं आणि काकाची बाजरीची भाकरी अजून चुलीवर. काका ऐंशीच्या पुढे गेला तरी गॅसवरची भाकरी त्याला 'कागदावानी' लागते, आणि तो ती ताटात बाजूला सारून ठेवतो. चूल दुरुस्त होणं हा घरातल्या शांततेचा प्रश्न होता.

पुण्याहून एक हिशेबनीस माणूस चूल दुरुस्त करायला येणार म्हटल्यावर गावात थोडं हसू झालंच. चूल घालणं हे बायकांचं काम. कुंभार मडकं घडवील, गवंडी भिंत बांधील. चुलीला मात्र घरातल्याच बाईचा हात लागायचा. पण लहानपणी आजीच्या हाताखाली माती तुडवायला मी असायचो, आणि ती माती कुठवर तुडवायची हे त्या घरात आता दोघांनाच ठाऊक होतं. त्यांतल्या एकीचे गुडघे गेले.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. घर माळवदाचं. स्वयंपाकघरात दिवसाही अंधार, आणि वरच्या साण्यातून उन्हाचा एक तिरपा खांब उतरलेला. त्या खांबात धूर चढताना दिसायचा. आजीची चूल त्या खांबाच्या किंचित बाजूला होती. बरोबर साण्याखाली घातली तर पावसाळ्यात थेंब पडतो, फार लांब घातली तर धूर वाट चुकतो.

चूल म्हणजे घोड्याच्या नालेसारखी वळवलेली मातीची जाड भिंत, वीतभर उंच. तिच्या माथ्यावर तीन उंचवटे, त्यांवर भांडं टेकतं. आमच्या घरात त्यांना खुंट म्हणत. उजव्या भिंतीला आतून एक भोक, त्यातून उरलेली आच शेजारच्या वैलावर जाते. चुलीवर भाकरी चालू असते तेव्हा वैलावर कालवण रटरटत असतं, त्याला वेगळं जळण लागत नाही. मागे भानवस. तिथे मिठाची बरणी, फुंकणी, चिमटा आणि ओलाव्यापासून जपायची काडेपेटी.

सगळी करामत खुंटांच्या उंचीत. ते भांडं नुसतं पेलत नाहीत, भांडं आणि चुलीचा काठ यांच्यात फट ठेवतात. खुंट उंच झाले की आच भांड्याच्या बुडाला न लागता कडेने वर पळते, लाकूड जळत राहतं आणि डाळ शिजत नाही. बुटके झाले की ज्वाळेला वरून वाट मिळत नाही, मग धूर चुलीच्या तोंडातून उलटा बाहेर येतो, सरळ बसलेल्या बाईच्या डोळ्यांत. आजीचं माप होतं एक बोट. बोट तिचं स्वतःचं, भांगलणीने जाड झालेलं. आईची बोटं बारीक. लग्नानंतर आईने पहिल्यांदा खुंट घातले ते तिच्या बोटाच्या मापाचे, आणि त्या दिवशी सगळं घर खोकत अंगणात जेवलं. आजी काही बोलली नाही. संध्याकाळी तिने आईचं बोट धरलं, त्यावर आपलं बोट ठेवलं आणि म्हणाली, "तुजं दीड."

मातीचंही असंच. चूल काळ्या मातीची घालत नाहीत. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भेगाळते. शेतात ज्या भेगांत माणसाचा पाय जातो त्याच भेगा चुलीत पडतील. आजीला लागायची पांढरी. जुन्या कागदांत काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. माणसं पिढ्यानुपिढ्या एका जागी राहिली, तिथेच राख टाकली, तिथेच घरांच्या भिंती पडल्या आणि पुन्हा उठल्या, की ती माती हळूहळू राखाडी, भुसभुशीत होते. गावाबाहेर नदीकडेला अशी एक टेकाडवजा जागा होती. माळवदावर टाकायला आणि चुलीला लागणारी माती बायका तिथून पाट्या भरून आणायच्या. तीन पाट्या पांढरी आणि एक पाटी वारुळाची, कारण ती चिकट. त्यात शेण, गव्हाचं भुसकट, आणि बाजाराच्या दिवशी टांगेवाला मनात आणील तर घोड्याची लीद. लीदेतले धागे बारीक असतात, ते मातीला आतून धरून ठेवतात. गायीच्या शेणाने वास गोड येतो, लीदेने भेग पडत नाही, असा आजीचा हिशेब.

हे सगळं कालवून तीन रात्री भिजत ठेवायचं. तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला की माझी पाळी. हातपाय धुऊन मातीत उभं राहायचं आणि तुडवायचं. थंडगार माती बोटांच्या फटींतून वर येते. सुरुवातीला पायाला खडे लागतात, ते वेचून टाकायचे. मग एकेक पाय उचलताना 'चप्' असा आवाज येऊ लागतो. तो आवाज बंद होऊन माती पाय सोडेनाशी झाली की आजी एक गोळा उचलायची, त्याची करंगळीएवढी वळी करून स्वतःच्या बोटाभोवती गुंडाळायची. वळी तडकली तर पुन्हा तुडव. नाही तडकली तर, "जा, पाय धू."

नवी चूल रोज घालत नाहीत. पण डागडुजी रोज असते, आणि खरी चूल टिकते ती या रोजच्या हातामुळे. पहाटे गार राख काढायची. सगळी नाही, तळाशी दोन बोटं ठेवायची, नाहीतर जमीन उष्णता पिऊन टाकते. रात्री राखेत पुरून ठेवलेला विस्तव उकरून बाजूला घ्यायचा. मग भेगा बघायच्या. काल ज्या ठिकाणी कालवण उतू गेलं तिथे हमखास केसाएवढी रेघ असते. तिच्यात बोटाने ओली माती दाबायची आणि वरून शेणमातीचं पोतेरं फिरवायचं. तापलेल्या चुलीला गार पाण्याचा हात लावायचा नाही. घाईने तसं केलेलं मी एकदाच पाहिलं, आत्याच्या हातून. 'टक्' असा आवाज झाला आणि वैलाची कड निघून आली. आजी आत्याला इतकंच म्हणाली, "तापल्या माणसालाबी असंच करतीस का?"

चूल फुरफुरली की पाहुणा येणार, हे आम्ही सगळे मानायचो. ओल्या लाकडातली वाफ फुरफुरते हे मला शाळेत कळलं. पण ओलं लाकूड चुलीत जायचं ते पाहुणा येण्याच्या काळातच, म्हणजे पावसाळ्यात, सणासुदीला, सुकं सरपण संपत आलेलं असताना. तेव्हा शाळेतलं आणि आजीचं, दोन्ही बरोबर निघायचं.

आता धाकल्या आजीचं सांगतो. ही माझ्या चुलत आजोबांची बायको, आजीची धाकटी जाऊ. आजोबांचं आणि त्यांच्या भावाचं बांधावरून बिनसलं आणि वेगळी चूल मांडायचं ठरलं. मराठीत घर फुटलं हे सांगायला दुसरे शब्द लागत नाहीत. जमीन वाटली, बैल वाटले, भांडी वाटली, जातं एकच होतं ते मोठ्याकडे राहिलं. धाकलीला मिळालेल्या खणात चूल नव्हती. आणि ती होती सतरा-अठरा वर्षांची, शहराकडच्या माहेराहून आलेली. चूल घालणं तिला येत नव्हतं.

तिची चूल आजीने घातली. पुरुषांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, म्हणून हे काम दुपारी, पुरुष रानात असताना झालं. ही गोष्ट मला धाकल्या आजीनेच सांगितली, आजी असताना, तिच्यासमोर. "तोंड फिरवून बसली व्हती ही. एक शब्द बोलली न्हाई. पण माती घेतली ती समदी पांढरी. आपल्या चुलीला एक पाटी ठेवली न्हाई." चूल सुकल्यावर तिला हळदकुंकू वाहिलं, आणि आजीने आपल्या चुलीतला निखारा गोवरीवर ठेवून दारातून आत सरकवला. पाऊल आत टाकलं नाही. वेगळ्या चुलीतला पहिला विस्तव असा एकत्रच्या चुलीतून गेला.

हे १९६७ च्या दिवाळीनंतरचं. बरोबर आठवतं म्हणायची धाकली, कारण चूल महिन्याची झाली नाही तोच कोयनेचा भूकंप झाला. ११ डिसेंबरची पहाट, चार वाजून गेलेले. आमच्याकडे घरं पडली नाहीत. पण उतरंडीतली वरची गाडगी खाली आली, माळवदाची माती अंथरुणावर सांडली, आणि सगळी माणसं अंगणात येऊन उभी राहिली. दोन्ही घरांची. दोघे भाऊ एकमेकांशेजारी उभे होते आणि तरी बोलत नव्हते, हे धाकली हसत हसत सांगायची. उजाडल्यावर बायका आत गेल्या. आजीच्या जुन्या चुलीला काही झालं नव्हतं. धाकलीची नवी चूल मधोमध तडकली होती. वरून कोरडी दिसली तरी जाड भिंतीच्या पोटात ओल होती; वर्षभराचा जाळ खाऊन चूल आतून भाजली जाते, तोवर ती कच्चीच. धाकली रडत दारात आली. आजीने पदर खोचला आणि या वेळी उंबरा ओलांडला. भेग खुरप्याने रुंद केली ("बारकी भेग बुजत न्हाई, आधी मोठी करावी लागती"), आत पाणी शिंपडलं, शेणाचा पातळ काला ओतला, आणि फुटलेल्या गाडग्यांच्या खापऱ्या आडव्या घालून वरून माती दाबली. भूकंपाने फोडलेली गाडगी अशी कामाला आली. भावांचं बोलणं सुरू व्हायला पुढे चार वर्षं लागली. जावांचं त्या सकाळीच सुरू झालं.

वेगळं झाल्यावर धाकलीला पैशाची निकड लागली. पुढच्याच वर्षी, १९६८ ला, आमच्याच तालुक्यात इनामगावला डेक्कन कॉलेजचं उत्खनन सुरू झालं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही नावं मी पुढे पुस्तकांत वाचली. धाकलीच्या लेखी ते सगळे 'सायेब' होते. मावशीच्या घरी राहून ती हंगामाला पाट्या उचलायला जायची. घोड नदीच्या काठची तीही पांढरीच. आमच्या बायका जी माती माळवदावर टाकत होत्या, तसल्याच मातीच्या थरांतून इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं एक गाव वर येत होतं. शंभरावर घरं निघाली. धान्याची पेवं, कालवा, बांध, जमिनीखाली दोन मडक्यांची तोंडं जोडून पुरलेली लहान मुलं. आणि घराघरांत राखेने भरलेले खड्डे, चुली.

धाकलीच्या सांगण्याचा आनंद चुलींशी आला की वाढायचा. "सायेब बुरूस घेऊन माती झाडत व्हता, मी चूल झाडती तसा. आन् मग इचारतो, बाई, हे काय असंल? मी म्हनलं, आवं चूल हाय ती, इचारायचं काय त्यात!" साहेबाने खरंच विचारलं असेल की तो शिकणाऱ्या पोरांना विचारत होता, देव जाणे. पण धाकलीने ती चूल ओळखली ती आकारावरून नव्हे. जमिनीचा तेवढाच तुकडा भाजून लाल झाला होता आणि त्यावर सारवणाचे पापुद्रे होते, एकावर एक. "कांद्यावानी," ती म्हणायची. कुणीतरी रोज पोतेरं फिरवलं होतं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाईबद्दल धाकलीला एवढीच माहिती पुरेशी वाटली, आणि तिचं त्या बाईविषयी मत चांगलं झालं.

ती तिथे खापऱ्या वाजवायला शिकली. जोर्वे पद्धतीची भांडी चांगली भाजलेली असत; लाल अंगावर काळी नक्षी, आणि नखाने टिचकी मारली तर धातूसारखा आवाज. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी ती आधी सापडली म्हणून ते नाव. धाकली घरी आली की आमच्या परड्यातल्या खापऱ्या उचलून टिचक्या मारत फिरायची. आम्ही पोरंही. आमच्या सगळ्या 'थप्' वाजायच्या.

मग बहात्तरचा दुष्काळ. त्याच्याबद्दल धान्याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्यात; लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं. चुलीची गोष्ट कमी ऐकलेली असते. जनावरं चारा-छावणीत गेली किंवा बाजारात मातीमोल गेली, आणि घरात शेण उरलं नाही. शेण नाही म्हणजे गोवऱ्या नाहीत, हे ध्यानात येतं. पण शेण नाही म्हणजे सारवण नाही, हे चुलीला पहिल्यांदा कळलं. नुसत्या मातीचं पोतेरं सुकलं की पापडासारखं सुटून यायचं. पिकं नाहीत म्हणून तुराट्या नाहीत, पऱ्हाट्या नाहीत, भुसकट नाही. पाणी पिण्यापुरतं. आजी सांगायची, त्या उन्हाळ्यात चुलीच्या भेगांतून जाळ दिसायचा. दिवसभर खडी फोडून आलेल्या बायका त्या भेगाळलेल्या चुलीवर मिलोची भाकरी थापायच्या, आणि मिलो तव्यावर फुगायचा नाही. "चूलबी उपाशी आन् आपूनबी." शेवटी धाकलीने एक युक्ती काढली. सरकारी कामावर दगड वाहणाऱ्या गाढवांची लीद ती ओट्यात बांधून आणू लागली. दोघी जावांच्या चुली त्यावर तगल्या.

ढवळीकरांनी इनामगावच्या शेवटच्या काळाबद्दल असं मांडलं आहे की पाऊस कमी होत गेला, शेती बसली, चौकोनी मोठी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. हे वाचताना मला त्या शेवटच्या बायकांच्या चुली दिसतात. त्यांना गाढवाची लीद सुचली असेल का?

चुलीचं इतकं कौतुक केल्यावर धुराचं सांगायला हवं, नाहीतर हे सगळं खोटं होईल. आजीने आयुष्यात विडीला हात लावला नाही. मशेरी मात्र चुलीतच भाजलेली. पन्नाशीनंतर तिला दम लागू लागला, साठीत जिना चढवेना. डॉक्टर म्हणाले दमा. पुढे कळलं की विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांची फुप्फुसं अशी निकामी होतात, त्यात चुलीच्या धुराचा मोठा वाटा आहे; पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याच विषयावर लिहिलं. आजी तेव्हा नव्हती. त्याच धुराने माळवदाच्या तुळया किडीपासून राखल्या आणि चुलीवर टांगलेली बियाण्याची कणसं टिकवली. तुळया आजही शाबूत आहेत.

धूर घराबाहेर काढण्याचा विचार आपल्याकडे फार आधी झाला होता. वर्ध्याच्या मगनवाडीत, कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघात, चिमणी लावलेली मातीची 'मगन चूल' तयार झाली. मगनवाडी हे नाव मगनलाल गांधींवरून, चुलीचं मगनवाडीवरून. पुढे १९८३ मध्ये देशभर सुधारित चुलींचा सरकारी कार्यक्रम आला. त्याच सुमारास आमच्या घरीही धुराचं नळकांडं आलं. कुणीतरी एक माणूस सायकलवर सिमेंटचा पाइप बांधून आला, आजीची चूल फोडली, विटा आणि सिमेंट लावून दोन भोकांची नवी चूल बसवली, पाइप माळवदातून वर काढला, पाण्याचा एक तांब्या पिऊन गेला.

पहिले चार दिवस आजी खूश. डोळे चुरचुरत नव्हते. मग एकेक गोष्ट उघडी पडू लागली. भाकरीला तवा लागतो आणि तव्यावरून उतरलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी, आरावर उभी करून शेकावी लागते, तेव्हा ती टम्म फुगते. या चुलीचं तोंड इतकं लहान की भाकरी उभी राहीना. बाभळीचं लाकूड जाईना, कुऱ्हाडीने बारीक फोडावं लागे. लाकूड फोडणारा पुरुष घरात असेल तरच चूल पेटणार. श्रावणात पाइपातून पाणी आत आलं. दिवाळीपर्यंत त्यात काजळी अशी साठली की धूर पुन्हा खाली. बांबूला चिंधी बांधून महिन्याला पाइप झाडायचा असतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि पौषात सिमेंट तडकलं. माती भेगाळली तर आजी सकाळी हाताने बुजवायची. सिमेंटच्या भेगेपुढे तिचा हात थांबला. ओली माती तिथे धरेचना.

आठ दिवस ती त्या चुलीकडे नुसती बघत होती. मग एका दुपारी मला म्हणाली, "पांढरी आन." तिने सिमेंट फोडलं, विटा काढल्या, पण पाइपाला हात लावला नाही. पाइप जागेवर ठेवून भोवती आपली चूल घातली. तोंड मोठं, खुंट एका बोटाचे, आणि वैलाच्या मागून एक तिरपं भोक पाइपाकडे. आत मुठीएवढा मातीचा बांध, म्हणजे सगळीच आच पाइपातून पळू नये. पाइपाच्या टोकावर पाऊस अडवायला डालड्याचा फुटका डबा, उलटा. ही चूल अर्धा धूर बाहेर टाकायची आणि अर्धा आत. आजीला तेवढं चाललं. पुढे पुण्यात आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने १९९६ नंतर साच्यातून चुली घालायचं शिकवायला सुरुवात केली, म्हणजे गावातल्याच बायकांना त्या बनवता आणि विकता येतील. ते वाचलं तेव्हा मला डालड्याचा डबा आठवला. सरकारी कार्यक्रम २००२ मध्ये संपला. आजीचा पाइप अजून आहे.

गॅसबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आला आणि चांगलं झालं. काकीच्या सुनेला तिच्या वयाच्या आजीसारखा खोकला नाही, एवढं पुरे. हसू येतं ते हमरस्त्यावर. नगर रोडने जाताना दर दोन मैलांवर 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या. एकदा हौसेने आत डोकावलो. पत्र्याची चूल, खाली गॅसचा बर्नर, आणि कोपऱ्यात शोभेला बाभळीची चार ढलपी.

तर वैशाखात मी गेलो. पांढरीच्या टेकाडाचं निम्मं शेतात गेलंय, उरलेल्यावर बाभळी. दोन पाट्या आणल्या. भुसकट शेजारून, लीद कुठेच नाही, म्हणून काकीने शिवणाच्या डब्यातला कापूस पिंजून दिला. तीन दिवस भिजवायला वेळ नव्हता, एका रात्रीवर भागवलं. काकी पाटावर बसून देखरेख करत होती. माती तुडवताना माझी विजार गुडघ्यापर्यंत भरली. माझ्याने 'चप्' लवकर थांबेना. काका पडवीतून विचारी, "झाली का?"

खुंट मुळापासून हलत होता. जुन्या मातीवर नवी माती नुसती थापली तर सुकल्यावर टोपीसारखी उचलून येते, म्हणून आधी खालचं खरवडायचं, ओलं करायचं. मी खुरपं घातलं. पापुद्रे सुटत गेले. काकीचे राखाडी, त्याखाली आईचे असतील ते, त्याखाली आजीचे, आणि मग पोटात भाजून विटेसारखी झालेली माती. तिच्यात आडवी घातलेली एक खापरी. ओढली तर निघाली. तळहाताच्या निम्मी, एका अंगाने काजळीने काळी. दुसरं अंग थुंकीने पुसलं. लाल होतं. कडेला एक काळी रेघ होती. नक्षीची की जाळाची, कळत नव्हतं. पांढरीतल्या मातीबरोबर आली असेल, किंवा धाकलीने इनामगावहून ओट्यात आणली असेल, किंवा सासवडच्या कुंभाराच्या एखाद्या गाडग्याची असेल.

मी ती दोन बोटांत धरली आणि नखाने टिचकी मारली.

"काय करतोस?" काकी म्हणाली.

"वाजते का बघतो."

"दे इकडं." तिने हात पुढे केला, खापरी घेतली, उलटसुलट पाहिली. "चांगली हाय. हीच घाल परत, आडवी. आन् माती लाव भराभर, सुकाय लागली."

घातली. वर माती दाबली, बोट आडवं ठेवून उंची पाहिली. काकीने वाकून माझं बोट बघितलं, स्वतःचं त्यावर ठेवलं.

"चिमूटभर अजून लाव," ती म्हणाली.